पहिली गाडी घेण्याआधी रोजचा रस्ता बघा

दसरा जवळ आला की आमच्या घरी फोन सुरू होतात. "मामा, गाडी घ्यायची म्हणतोय. कोणती घेऊ?" विचारणारे म्हणजे भाच्यांचे मित्र, गल्लीतली पोरं, आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नव्यानं कामाला लागलेले चंदगडकडचे तरुण. खंडेनवमीच्या पूजेला गाडी दारात पाहिजे असते. बहुतेकांच्या मनात गाडी आधीच ठरलेली असते, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी उलट विचारतो, "रोज जायचं कुठं?" गोव्याला कधी आणि कुणाबरोबर जायचं हे त्यांना पाठ असतं. सोमवारी सकाळी कामाला कुठल्या रस्त्यानं जायचं, याचा मात्र विचारच झालेला नसतो.

त्यांना समोर बसवून ज्या क्रमानं सांगतो, त्याच क्रमानं इथं लिहितोय. लायसन्स, रस्ता, अंगावरचं सामान, आणि मग गाडी. सामान गाडीच्या आधी का, ते वाचता वाचता कळेल.

पहिली पायरी: लायसन्स

गिअरच्या गाडीला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. १६ ते १८ मध्ये फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. शोरूममध्ये दिसणाऱ्या ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. तरीही दहावी झाली म्हणून मुलाच्या हातात किल्ली देणारी घरं आपल्याकडे गावोगावी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ थेट पालकांना लागतं: २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. दंडाचं एक वेळ सोडा. वर्ग सुटल्यावर तीन पोरं एका गाडीवर बसून महामार्गाला लागतात, ते बघून माझा जीव वरखाली होतो. आई-वडिलांनो, दोन वर्षं थांबा.

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर भरायचा. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. अर्जात 'गिअरसह मोटारसायकल' हाच प्रकार निवडा. बिनगिअरच्या स्कूटरवर लायसन्स काढून पुढं मोटारसायकल चालवणारे खूप आहेत. अपघात झाला की विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते. शिकत असताना पुढे-मागे लाल 'एल' लावा आणि शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही मागं बसवू नका. चाचणीत पाय न टेकवता आठचा आकडा काढायला लावतात. तो घोटून घ्या. गणपतीच्या दिवसांत गणपत गल्लीतून गाडी काढताना तोच कामी येतो.

दुसरी पायरी: आठवडाभर रस्ता लिहा

वही घ्या. आठवडाभर तुम्ही कुठं कुठं जाता, किती किलोमीटर, किती वाजता, मागं कुणी असतं का, एवढंच लिहा. माझा अनुभव असा की ही वही भरल्यावर निम्म्या जणांची ठरलेली गाडी बदलते.

कारण आपल्या जिल्ह्यात रस्त्यांच्या चार तऱ्हा आहेत. पहिली शहराची: शहापूर, वडगाव, अनगोळच्या अरुंद गल्ल्या, दर शंभर पावलांवर क्लच, गाडी मागं ढकलत वळवायची. दुसरी पश्चिमेकडची: उचगाव, जांबोटी, खानापूर, तिथून पुढं कणकुंबी. तिकडं पाऊस धो धो आणि माती तांबडी. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली राड डांबरावर सोडून जातो. वर भुरभुर पाऊस पडला की त्या राडीचं लोणी होतं. तिसरी तऱ्हा उत्तरेची: काकती, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी. राष्ट्रीय महामार्ग ४८, वंटमुरीचा आणि तवंदीचा घाट, अंगावरून जाणारे मालट्रक, आणि रुंदीकरणाचं काम असेल तिथं अचानक येणारी वळणवाट. चौथी तऱ्हा घाटाची, तिच्याविषयी शेवटी सांगतो.

उत्तरेकडं एक धोका हंगामी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वरच्या हिरण्यकेशी आणि निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्यांकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. पुष्कळांना मागचा दिवा नसतो, असलाच तर उसाच्या वाढ्याआड झाकलेला. अंधारात समोर फक्त काळोख दिसतो आणि तो काळोख म्हणजे उभी ट्रॉली असते. तुम्ही ताशी ६० नं जात असाल तर सेकंदाला साधारण १७ मीटर कापता. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. म्हणून नव्या चालकानं या हंगामात रात्री ४० च्या वर जाऊ नये, हे मी आग्रहानं सांगतो. रोज रात्रपाळी करून याच रस्त्यानं परतणार असाल, तर गाडी बघताना हेडलाइटचा उजेड हा पहिला मुद्दा धरा. संध्याकाळ झाल्यावर शोरूमला जा आणि लाइट भिंतीवर पाडून बघा.

कागल, गडहिंग्लज, चंदगडकडून इकडं येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आमच्याकडचे बरेच फलक कन्नडमध्ये असतात. चित्रावरून अंदाज येतो, पण चार शब्द ओळखीचे असू द्या. 'निधानवागि चलिसि' म्हणजे सावकाश चालवा. 'अपघात वलय' म्हणजे इथं अपघात होतात. 'तिरुवु' म्हणजे वळण. 'रस्ते उब्बु' म्हणजे स्पीड ब्रेकर. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवाच, कारण गावाच्या वेशीवरच्या पुष्कळ ब्रेकरांवरचे पांढरे पट्टे पुसून गेलेले असतात.

तिसरी पायरी: पैशाचे दोन वाटे

गाडीसाठी जेवढी रक्कम जमवली असेल, त्यातला दहावा हिस्सा आधी बाजूला काढा. एक लाख असतील तर दहा हजार. हे पैसे हेल्मेट, हातमोजे, बूट, जॅकेट आणि रेनकोटचे. उरलेल्या नव्वद हजारांत जी गाडी बसेल ती तुमची गाडी. याच्या उलट केलं तर काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहतोय. डाऊन पेमेंट, पहिली पूजा, पेढे, मागचा कॅरियर, सीट कव्हर, सगळं होतं आणि हेल्मेट 'पुढच्या पगाराला' राहतं. नव्या चालकाला सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही महिन्यांत असतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत डोकं उघडं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यात वाचलेला पैसा आणखी मोठ्या गाडीत घालू नका, अंगावर घाला.

चौथी पायरी: हेल्मेट

पंधरा-एक वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर मी पडलो. पाऊस होता, रूळ तिरके ओलांडले, पुढचं चाक ओल्या रुळावर सटकलं. वेग फार तर २५. तोंडावर आपटलो. घरी आल्यावर पाहिलं तर हेल्मेटच्या हनुवटीसमोरच्या भागावर चार बोटं लांब चरा गेला होता. त्या दिवशी अर्धं हेल्मेट असतं तर तो चरा माझ्या जबड्यावर उमटला असता. तेव्हापासून पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटशिवाय मी गल्लीच्या तोंडापर्यंतही जात नाही, आणि दुसऱ्यालाही तेच सांगतो. अर्धं हेल्मेट घेऊ नका.

१ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. त्याचं मानक आयएस ४१५१. रस्त्याकडेला दोनशे-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या टोप्यांवरही आयएसआयचा स्टिकर असतो, म्हणून नुसता मार्क बघून थांबू नका. त्याच्याजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव आणि तो परवाना चालू आहे की नाही ते कळतं. दुकानातच उभं राहून तपासा. वेगा हेल्मेट बनवणारी कंपनी आपल्या बेळगावचीच आहे, स्टड्स आणि स्टीलबर्डही सगळीकडं मिळतात. कंपनी कुठली यापेक्षा ते तुमच्या डोक्याला कसं बसतं याला जास्त महत्त्व आहे.

मापाची रीत अशी. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वर, कानांवरून, मागं डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. आलेले सेंटिमीटर हेल्मेटच्या डब्यावरच्या मापाशी जुळवा. मग घालून बघा. गालाचे पॅड गाल थोडे दाबतील असे हवेत, नवीन पॅड पुढं सैल पडतातच. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डोकं स्थिर ठेवून हलवा, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. आता कुणाला तरी मागून हेल्मेटचा तळ धरून पुढं ओढायला सांगा. डोक्यावरून निघून आलं, तर ते अपघातातही निघून जाईल. ते परत ठेवा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून दुकानातच फिरा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वण दिसला तर आकार जुळत नाही, दुसऱ्या कंपनीचं घालून बघा. दुकानदार घाई करत असेल तर दुकान बदला.

काच पारदर्शकच घ्या. काळी काच दिवसा छान वाटते, पण सात वाजता काकतीच्या रस्त्यावर ती डोळे बांधल्यासारखी होते. चष्मा असेल तर चष्मा लावून हेल्मेट घालून बघा. केस लांब असतील तर अंबाडा सोडून खाली सैल वेणी घाला, अंबाड्यावर हेल्मेट कधीच नीट बसत नाही.

आतलं थर्माकोल एकदाच मार सोसतं. डोक्यात असताना मोठा दणका बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नका, कवच खराब होतं. साबणाचं कोमट पाणी पुरे.

आणि दुसरं हेल्मेट मागं बसणाऱ्यासाठी. कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ते दोघांनाही बंधनकारक आहे. घातलं नाही तर कलम १९४-ड मध्ये १,००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. आईला, बायकोला, बहिणीला मागं बसवून स्वतः तेवढं हेल्मेट घालणारी माणसं दिसली की मला राहवत नाही, मी सिग्नलला थांबून बोलतो. बाजारातून भाजी घेऊन येणारी आई म्हणते, "जवळच तर जायचंय, बाळा." तिचं ऐकू नका, तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवा. लहान मूल बरोबर असेल तर नियम आणखी स्पष्ट आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि गाडीचा वेग ४० च्या आत.

पाचवी पायरी: हात, पाय, अंग

माणूस पडताना आधी हात टेकतो. म्हणून हेल्मेटनंतर हातमोजे. तळव्यावर जाड कातडं किंवा घसरताना तळवा वाचवणारे कडक तुकडे (स्लायडर), बोटांच्या सांध्यांवर कवच, मनगटावर घट्ट पट्टा, एवढं बघा. मोजा घालून क्लच आणि इंडिकेटर दाबून बघा, बोट अडखळलं तर माप चुकलं.

पायांबद्दल मन घट्ट करून लिहितो. कोल्हापुरी चप्पल अथणी-निपाणीकडं घडते. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. पण ती गाडीवर नको. चपलेतला पाय गिअरवर घसरतो, टेकवताना निसटतो, आणि गाडी अंगावर आली तर घोट्याला कसलाही आधार नसतो. घोटा झाकणारा, नाडीचा किंवा चेनचा बूट घ्या. नाड्या आत खोचा. कारखान्यात कामाला असाल तर तुमचे सेफ्टी शूज नसल्यापेक्षा फार चांगले, फक्त पुढचा पोलादी भाग गिअरच्या दांडीखाली सहज जातो का, ते गाडी उभी असताना तपासा.

जॅकेट घेताना खांदा, कोपर आणि पाठीचं कवच बघा. त्यावर 'सीई' ही युरोपीय मानकाची खूण असते, आणि पातळी १ किंवा २. पातळी २ जास्त मार शोषते. पाठीच्या जागी नुसता फोमचा तुकडा असेल तर वेगळं कवच विकत घेऊन बसवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाला जाळीचं जॅकेट बरं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यानं जाड डेनिमवर भागवलं तरी मी भांडणार नाही, महामार्गावर रोज जाणाऱ्यानं मात्र टाळाटाळ करू नये. गुडघ्याची कवचं पँटवर बांधायची मिळतात, स्वस्तही असतात.

रेनकोट भडक पिवळा किंवा पोपटी घ्या, अंगरखा आणि पँट वेगळी असलेला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो डिकीत किंवा सीटखाली असू द्या. एक मोठ्ठी ताकीद: छत्री उघडून मागं बसू नका, बसवू नका. आणि मागं साडी किंवा ओढणी असेल तर निघण्याआधी पदर खोचलाय का, ओढणी गुंडाळलीय का हे चालवणाऱ्यानं वळून बघायचं. साडी गार्ड, मागचा धरायचा दांडा आणि पाय ठेवायची जागा गाडीला असलीच पाहिजे, तसा नियम आहे. गाडी छान दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणाऱ्यांनी चाकात अडकलेला पदर एकदा आठवावा.

सहावी पायरी: आता गाडी

वही उघडा. रोजचं अंतर २० किलोमीटरच्या आत आणि बहुतेक गल्लीबोळ असेल तर १०० ते ११० सीसी भरपूर आहे. स्प्लेंडर, शाइन १००, प्लॅटिना या वर्गातल्या गाड्या. स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो, खेड्यातला कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो, आणि सुटे भाग किराणा दुकानाइतक्या सहज मिळतात. रोज खानापूर किंवा हत्तरगीपर्यंत जाऊन येणं असेल, मागं कुणी बसत असेल, तर १२५ सीसी. शाइन, रेडर, पल्सर १२५. निपाणी-बेळगाव असा महामार्ग नेहमीचा असेल तर १५० ते १६० सीसी, कारण ट्रकला ओलांडताना ताकद शिल्लक लागते. पहिली गाडी म्हणून याच्या पुढं जाऊ नये, असं माझं मत आहे.

माझ्या भाच्याला ३५० सीसी हवी होती. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, त्यातल्या त्यात हलकी हंटर १८१ किलो. गाड्या उत्तम आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण चालू गाडीला वजन नसतं, उभ्या गाडीला असतं. मी त्याला शोरूममधल्या गाडीवर बसवलं आणि उताराला तोंड करून उभी असलेली गाडी पायांनी मागं घे म्हटलं. ती जागची हलेना. आमच्या गल्लीला तसाच उतार आहे, त्याला ती रोज मागं घ्यावी लागणार होती. त्यानं १२५ घेतली. दोन वर्षं चालवली, हात बसला, आता तो मोठी घेतोय आणि मीच त्याच्याबरोबर जाणार आहे.

तुम्हीही तसंच करून बघा. बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे जमिनीला पुरेसे टेकतात का? फक्त अंगठे टेकत असतील तर राडीत पाय घसरणारच. हँडल पूर्ण वळवल्यावर हात ताणला जातो का? मधल्या स्टँडवर एकट्यानं चढवता येते का? घरातली माणसं मागं बसणार असतील तर त्यांनाही शोरूमला न्या आणि बसवून बघा.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्यांना निदान सीबीएस. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, आणि राडीत किंवा ओल्या डांबरावर माणूस पाडतं ते जाम झालेलं चाकच. एकाच गाडीच्या ड्रम आणि डिस्क अशा दोन आवृत्त्या असतील तर डिस्क घ्या. अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायरही घ्या. कणकुंबीच्या रानात पंक्चर झालं तर ट्यूबलेसची हवा हळूहळू उतरते, घरी पोचायला वेळ मिळतो.

ॲव्हरेजबद्दल एवढंच सांगतो की वर्षाला ८,००० किलोमीटर चालवणाऱ्याला लिटरला ५० आणि ६० मधल्या फरकानं साधारण २७ लिटर पेट्रोल वाचतं. चांगल्या ब्रेकपुढं ते काहीच नाही.

सातवी पायरी: सेकंडहँड असेल तर दोन राज्यांचे कागद

सीमेवर राहण्याचा हा खास भाग, आणि इथंच आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात. कोल्हापूरची एमएच-०९ पासिंगची गाडी, सिंधुदुर्गातली एमएच-०७, किंवा गोव्याची गाडी स्वस्तात मिळते म्हणून आणली जाते. बाँडपेपरवर सह्या होतात, किल्ली हातात येते, आणि कागद तिकडंच राहतात. माझ्या ओळखीत एकानं अशी गाडी पुढं तिसऱ्याला विकली. त्या तिसऱ्याच्या हातून अपघात झाला आणि नुकसानभरपाईची नोटीस गेली मूळ मालकाला, कारण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव त्याचंच होतं. कायदा आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक मानतो.

दुसऱ्या राज्याची गाडी आपल्याकडं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कलम ४७ प्रमाणे इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर बँकेचं, फायनान्सचं किंवा पतसंस्थेचं कर्ज होतं का ते आरसीवर लिहिलेलं असतं. असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांचं कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय बाहेरून आणलेल्या गाडीवर कर्नाटकाचा आजीवन टॅक्स भरावा लागतो. तिकडं भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याचे हेलपाटे तुम्हालाच घालायचे. म्हणून एमएच-०९ आणि आपल्या जिल्ह्यातल्या केए-२२ किंवा केए-२३ गाडीची किंमत ताडताना टॅक्स, एजंटचा खर्च आणि दोन-तीन दिवसांची बुडालेली हजेरी मिळवा आणि मग बघा कुठली स्वस्त पडते. पहिल्यांदा घेणाऱ्यानं आपल्याच आरटीओची गाडी घ्यावी, असं मी सांगतो.

पैसे देण्याआधी 'एमपरिवहन' ॲपवर नंबर टाकून आरसी, विमा, फिटनेस कधीपर्यंत आहे ते पाहा. नोंदणी १५ वर्षांची असते. थकलेले चलन दोन्ही राज्यांतले तपासा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवलीय का ते बघा. चॅसीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खरवडलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा की सुरू करून ठेवू नका. इंजिनला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. थंड इंजिन सहज सुरू होतं का, निळसर धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवा, मधे खुट्ट करून अडकलं तर बेअरिंग गेलंय. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो, पावसात तो धरत नाही. त्याची किंमत सौद्यातून वजा करा. आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. त्याच्या हातात ठेवलेले चार-पाचशे रुपये वाया जात नाहीत.

आठवी पायरी: नवी गाडी ताब्यात घेताना

ऑन-रोड किमतीचा कागद मागा आणि त्यातली प्रत्येक ओळ वाचा. न समजलेल्या आकड्याला "हे कशाचं?" असं शांतपणे विचारा. आयएसआय हेल्मेट गाडीबरोबर द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. ते मागून घ्या. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, बहुतेक जण ती विसरतात. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे ना, तेही बघा. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवले की राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं, दोन्हीकडं चालतात.

नववी पायरी: पहिला महिना

गावच्या शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी जा. ताशी ३० वर जाऊन ब्रेक मारायची सवय करा, दर खेपेला वीस वेळा. आपल्याकडं "पुढचा ब्रेक दाबला की पडतो" असं शिकवलं जातं. ते चुकीचं आहे. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. पडतो तो एकदम आवळल्यामुळं, किंवा वळणात दाबल्यामुळं. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, लिंबू पिळल्यासारखे हळूहळू वाढवत दाबा. मग तेच ओल्या जमिनीवर करा.

पहिले दोन आठवडे मागं कुणाला बसवू नका. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा, माझ्यासारखे तिरके नको. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात घसरडी असतात, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. चहाच्या टपरीवर थांबून घ्या. पहिले ५०० ते १,००० किलोमीटर इंजिन ताणू नका आणि पहिलं सर्व्हिसिंग चुकवू नका. दर आठवड्याला टायरची हवा थंड असताना तपासा, आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो. पावसाळ्यात चेनला आठवड्यातून एकदा तेल द्या. तांबडी माती चेनमध्ये बसली की सहा महिन्यांत स्प्रॉकेट खाते.

दहावी पायरी: घाट, पण तीन महिन्यांनी

गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात जायचंच असतं सगळ्यांना, मला ठाऊक आहे. हात बसल्यावर जा, पहिल्यांदा कोरड्या दिवसात, आणि उजेड असताना परत या. पावसाळ्यात तिथं धुकं इतकं दाटतं की दहा पावलांवरचा ट्रक दिसत नाही. जांबोटीच्या पुढं भीमगड अभयारण्याचा परिसर लागतो, संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. एक गवा दिसला तर थांबा, कळप मागून येत असतो. हॉर्न वाजवू नका, लाइट खाली करा, त्यांना जाऊ द्या.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्याकडं खूप जणांना आहे. त्यामुळं सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणावर धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही, आणि आपल्या बाजूच्या कडेला राहा, कारण समोरून येणारी बस वळताना रस्त्याचा मधला भाग घेणारच.

बेळगावातूनच टाकी भरून घ्या. कणकुंबीच्या पुढं मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून जांबोटीत थांबून घरी फोन करा आणि किती वाजता परत फोन कराल ते सांगून ठेवा.